टाकी गळ्यापर्यंत

३ मार्च, सोमवार

साडेपंधरा! लिटरला साडेपंधरा किलोमीटर!

दोनदा भागाकार केला, मग हिच्याकडून करून घेतला. तेच उत्तर. ही म्हणाली, "परीक्षेत पास झाल्यासारखं काय नाचताय?" नाचणारच. नऊ वर्षांची टॅक्सी, आणि पाऊण किलोमीटर वाढलं.

बाटलीचा गुण म्हणायचा. स्पेअरवाल्यानं ते हिरवट औषध माझ्या गळ्यात मारलं तेव्हा वाटलं होतं, फसलो. "काका, पेट्रोल भरताना एक झाकण ओतायचं. इंजिनाच्या आतली घाण धुऊन निघते." धुऊन निघाली खरी! बाटली डिकीत स्टेपनीमागे दडवून ठेवलीय. जावयाला सांगितलेलं नाही. त्यानंही एक झाकण ओतलं तर डोस डबल व्हायचा.

६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. डॉक्टर "हं" म्हणाले की समजावं. मग म्हणाल्या, "क्लच दाबणं बंद करा. उन्हाळाभर चालवा हवं तर, पुढे नाही."

म्हणजे गाडी जावयाच्या हाती द्यायची. सध्या सकाळ माझी, दुपार-संध्याकाळ त्याची. त्याचा छापखाना बंद पडला तेव्हापासून, दोन वर्षं झाली. पण अर्धी पाळी देणं वेगळं आणि चावीच देऊन टाकणं वेगळं. ही गाडी मी पोटच्या पोरासारखी सांभाळलीय. पोटची पोर तर त्याला आधीच दिली!

माणूस वाईट नाही. पण बोलत नाही हो! काही विचारलं की "हो बाबा", "बरं बाबा". तळ लागत नाही. माझं उलट — मनात आलं की तोंडातून बाहेर.

१० मार्च, सोमवार

आज डोक्यात किडा शिरला.

आमचा नियम असा — आपली पाळी संपली की टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी दुसऱ्याला द्यायची. ज्यानं जाळलं त्यानं भरलं, कमाई ज्याची त्याला. नियम मीच काढला. जावयाशी पेट्रोलचा हिशोब करत बसायचं म्हणजे जिभेला गाठ पडते. मी भरतो पाण्याच्या टाकीजवळच्या चढावरच्या पंपावर. तिथला मिशाळ माझा जुना दोस्त, नळी टाकीत खोचून ठेवतो आणि आम्ही गप्पा मारतो. जावई भरतो डेपोसमोरच्या पंपावर, मग गाडी आमच्या गेटाशी लावून चालत घरी जातो.

तर सकाळी काच पुसताना उन्हाची झडप खाली केली आणि त्याच्या पंपाच्या पावत्या मांडीवर पडल्या. म्हटलं, बघू तरी औषधानं त्याला किती दिलं. किलोमीटर माझ्यापाशी होतेच. भागाकार केला.

साडेबारा.

सगळ्या पावत्या लावून पाहिल्या. कधी बारा, कधी तेरा. साडेबाराच्या आसपास सगळं. गाडी एक, रस्ते तेच, आणि तीन किलोमीटरचा फरक!

११ मार्च

हिला सांगितलं. म्हटलं, जावयाला चालवता येत नाही, पेट्रोल ढोसते गाडी त्याच्या हातात.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "औषध एकाच पोटात जातं ना? मग एकाला गुण आणि एकाला नाही, असं कसं?"

तेच तर म्हणतोय मी! औषध दोघांना सारखं. म्हणजे दोष माणसात.

१५ मार्च, शनिवार

विचार करकरून एकच दिसतं — दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा हा कुठंतरी सावलीत गाडी चालू ठेवतो, एसी लावतो आणि ताणून देतो. चाकं फिरत नाहीत, पेट्रोल मात्र जळतंय.

सरळ विचारणं बरं दिसत नाही. जावई आहे शेवटी. म्हणून पाळी बदलताना चहा घेता घेता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काय जावईबापू, काही लोक उभ्या गाडीत एसी लावून झोपतात म्हणे. इंजिनाची वाट लागते हो त्यानं."

त्यानं कप खाली ठेवला. "बरं बाबा," म्हणाला. चावी घेतली, गेला.

ही माझ्याकडे अशी बघत राहिली की चहा कडू लागला.

२३ मार्च, रविवार

लेकीकडे जायचं होतं. जावई न्यायला आला, तेव्हा मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो. परीक्षाच घ्यायची म्हणून.

काय सांगू! असा अलगद चालवतो की मांडीवरची पिशवी हलली नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढून घेतो, गाडी आपल्या आपण जाऊन उभी राहते. ब्रेक जवळजवळ नाहीच. मागून सगळे हॉर्न मारतायत, हा ढिम्म! मी असतो तर उतरून दोन शिव्या हासडल्या असत्या.

एसी बंद होता. खिडक्या उघड्या, अंगावर भट्टीचा वारा. मी म्हटलं, लावा की. "तुम्ही बसलाय म्हणून लावतो बाबा," म्हणाला आणि लावला. एकटा असताना लावत नाही की काय, हे विचारायचं राहिलं.

पण मग हे साडेबारा कुठून येतं? असं चालवणाऱ्याला सोळा पडायला हवं. कुठंतरी पाणी मुरतंय.

२९ मार्च

डबी बसवून घेतली.

गॅरेजवाल्या मिस्त्रीनं सुचवली. स्टीअरिंगखाली एक खाच असते, तिथं वायर खोचायची. काचेजवळ काड्यापेटीएवढी डबी. इंजिन किती पेट्रोल पितंय ते सतत दाखवते, आणि पाळी बदलताना बटण दाबलं की सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं सांगते. मी तिचं नाव ठेवलंय चुगलखोर.

जावयाला म्हटलं, गाडीची तब्येत कळावी म्हणून बसवलीय. तो डबीकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या बायकोचा बाप आहे मी, नजर काय म्हणून चोरायची? पण चोरली.

२ एप्रिल, बुधवार

चुगलखोर माझ्यावरच उलटली!

सकाळची पाळी — तेरा. दुपारची पाळी — पंधरा.

तेरा मी! पंधरा तो!

गाडी तशीच मिस्त्रीकडे पिटाळली. म्हटलं, यंत्र उलटं बसवलंस. तो म्हणाला, चला चक्कर मारून येऊ. सिग्नल सुटला, मी नेहमीसारखा निघालो, आणि डबीवरचा आकडा धाडकन चारवर. चार! मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काका, रेस लावलीय का कुणाशी?"

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे ऐकायचं. निघताना त्याच्या गॅरेजचं दार जरा जोरातच लावलं.

३ एप्रिल

आज हळू चालवली. जीव गेला. चौदा.

८ एप्रिल

आठवडाभर औषध बंद ठेवून पाहिलं. डबीत तसूभर फरक नाही. मग आधी ते पाऊण किलोमीटर कशानं वाढलं होतं? शाळेसमोरचा खणलेला रस्ता बुजवला, तिथली गर्दी गेली, त्यानं असेल. स्पेअरवाला भेटू दे एकदा!

पण आज झोप उडवणारी गोष्ट ती नाही.

डबी सांगते, दुपारी इंजिन पावणेसात लिटर प्यायलं. जावयाची पावती सांगते, आठ लिटर भरलं. मग मधलं सव्वा लिटर गेलं कुठं? इंजिनात नाही गेलं. रस्त्यावर सांडलं नाही. पैसे तर त्यानं मोजले. एक दिवस नाही, रोज! रोज सव्वा लिटर पेट्रोल हा माणूस पंपावर विकत घेतो आणि ते आमच्या गाडीत जळत नाही.

सव्वा लिटर म्हणजे काय, तर एका स्कूटरची दिवसाची सोय.

कुणाची स्कूटर?

(माझी पावती आणि डबी यांचाही मेळ बसत नाही, पण माझ्या बाबतीत डबी चुकते हे दिसतंच आहे.)

९ एप्रिल

हिला म्हटलं. आधी हसली. मग माझा चेहरा बघितला आणि भडकली. "स्कूटर? अहो, तो माणूस संध्याकाळी थेट घरी येतो, हातपाय धुतो आणि लेकीला कणीक मळून देतो! तुमच्या डोक्यातल्या किड्याला औषध घाला त्या बाटलीतलं."

मी म्हटलं, गोड माणसंच फसवतात. लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे. गाडी याच्या हाती देणार नाही, विकून टाकतो. दलालाला फोन लावला. येत्या रविवारी बघायला येतो म्हणाला.

११ एप्रिल, शुक्रवार

लेक आली होती. चप्पल काढली नाही, दारातच उभी. हिनं सांगितलं असणार सगळं.

"बाबा, कुठली स्कूटर?"

मी म्हटलं, अगं चिऊ, आकडे खोटं बोलत नाहीत.

"आकडे! तुम्ही एसीवरून टोमणा मारलात, त्या दिवसापासून तो एकटा असला की एसी लावत नाही. भर उन्हात खिडक्या उघड्या टाकून फिरतो. घरी येतो तेव्हा चेहरा नुसता लाल! ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो, आणि मला म्हणतो, बाबांना सांगू नकोस. आणि तुम्ही स्कूटर शोधताय?"

मी तरीही म्हटलं, मग ते सव्वा लिटर...

"विका गाडी. खुशाल विका. आमचं आम्ही बघू."

पाणीही न पिता गेली. एवढीशी होती तेव्हा याच गेटवर लोंबकळायची आणि मी यायच्या आधी ओरडायची, बाबांची गाडी आली! तिला इंजिनाचा आवाज लांबून कळायचा.

आज गेट उघडंच टाकून गेली.

१३ एप्रिल

दलाल आला, टायरांना लाथा मारून गेला. बुधवारी किंमत सांगतो म्हणाला.

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी टाकी भरून घरी आलो, वाट बघत बसलो. जावई आला नाही. मग लेकीचा फोन, हिला. माझ्याशी बोलली नाही. त्याला ताप भरलाय, सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दोन-तीन दिवस उठायचं नाही.

ही पिशवी भरून निघाली. मी म्हटलं, मीही येतो. म्हणाली, "तुम्ही नका येऊ आज."

गाडी गेटासमोर उभी. काचेवर धूळ बसत होती, मी पुसलीही नाही.

१५ एप्रिल

सगळं लिहून काढतो.

आज गिऱ्हाइकं घेतली नाहीत. त्याची औषधं आणायला गाडी काढली. डेपोसमोर मागचं चाक बसल्यासारखं वाटलं, म्हणून तिथल्या पंपावर हवा भरायला वळलो. जावयाचा पंप. मी कधी जात नाही तिथं. हवा भरून झाली, तर सवयीनं हात टाकीच्या झाकणाकडे गेला. पंपावरच्या बाईंना म्हटलं, "एवढी वरपर्यंत करून टाका." म्हटलं, दोन घोट जातील. काल दुपारी तर मिशाळकडे गळ्यापर्यंत भरली होती, त्यानंतर गाडी हललीय किती? चढावरून घर, घरून डेपो. झालं.

नळी लावली. आकडा फिरत राहिला. अर्धा लिटर. एक. मी बाईंना म्हटलं, थांबा, काहीतरी चुकतंय. त्या म्हणाल्या, "टाकी घेतेय की काका, मी काय करू?"

दीड लिटरच्या पुढे गेल्यावर नळी टक्क करून आपोआप बंद झाली.

मी तसाच उभा. मागच्यानं हॉर्न मारला. आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नला उत्तर दिलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळची गिऱ्हाइकं उरकली आणि मिस्त्रीला घेऊन चढावर गेलो. खात्री करायचीच होती.

मिशाळनं नळी खोचली, टक्क झाली. मिस्त्रीनं गाडी समोरून बघितली आणि मला हाताला धरून नेलं. बघा म्हणाला. गाडी डावीकडे कललेली! तिथली जमीनच तशी आहे. टाकीचं तोंडही डावीकडे. म्हणजे पेट्रोल आधी तोंडाशी येतं, नळीला वाटतं भरली, टक्क. आणि उजव्या बाजूला रिकामी जागा तशीच. तिथून उतरून थेट डेपोसमोर, सपाटीवर. पुन्हा नळी. सव्वा लिटर गेलं.

एवढं साधं होतं.

मी अपुरी टाकी देत होतो आणि पुरी टाकी घेत होतो. माझं रोजचं सव्वा लिटर तो भरत होता. म्हणून मी साडेपंधरा आणि तो साडेबारा! खरं तेच जे डबी पहिल्या दिवसापासून सांगत होती. तेरा मी. पंधरा तो. गाडी तोच नीट चालवतो, मी नुसती तुडवतो.

आणि एक दिवस नाही, एक महिना नाही. दोन वर्षं. छापखाना बंद पडलेल्या माणसाच्या खिशातून. वर त्याला टोमणा, वर डबी, वर स्कूटर! त्याला उन्हात भाजून काढलं मी. लाज वाटते. हिला सगळं सांगितलं.

हिनं नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दलालाचा फोन आला, किंमत सांगायला लागला. म्हटलं, गाडी विकायची नाही.

१७ एप्रिल

बाटली स्पेअरवाल्याच्या गल्ल्यावर नेऊन आपटली. "अर्धी वापरलीत की काका," म्हणाला. म्हटलं, राहू दे तुला. तुझ्या पोटातली घाण धुऊन काढ.

१८ एप्रिल

जावयाकडे गेलो. तो पलंगावर बसलेला, ओठ फुटलेले. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बसा, बसा. फळं ठेवली. पंख्याबद्दल बोललो. गल्लीत खणलेल्या खड्ड्याबद्दल बोललो. त्याच्या शेजाऱ्याच्या गाडीबद्दलही बोललो! लेक आत भांडी आदळत होती.

सगळं बोललो, तेवढंच सोडून. माझ्या तोंडाला कुलूप लागलं — माझ्या!

उतरताना जिन्यात थांबलो. परत वर जावं म्हटलं. गुडघ्याचं निमित्त केलं आणि घरी आलो.

१९ एप्रिल

उद्या सांगायचंच. त्यानं मला दोन शब्द सुनावले तर ऐकून घ्यायचे.

२० एप्रिल, रविवार

सांगितलं. सगळं — चढ, कललेली गाडी, सव्वा लिटर, स्कूटरसुद्धा. लेक दारात उभी राहून ऐकत होती. म्हटलं, माझ्या हातून फार वाईट झालं, आणि तुम्हाला मी काय काय समजलो.

त्यानं चादरीची किनार सरळ केली. मग म्हणाला, "टाकी थोडी कमी असते हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, बाबा. पेट्रोलचा काटा रोज भरल्याच्या खुणेखाली असायचा. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवता. गाडी तुमची, आणि जावयाकडे भाडं कसं मागायचं, म्हणून असेल. म्हणून मी भरत राहिलो."

दोन वर्षं तो मला लबाड समजत होता. आणि लबाडाला रोज "बरं बाबा" म्हणून, लबाडाच्या घरी चहा पिऊन, माझी टाकी गळ्यापर्यंत भरून देत होता. लेकीलाही कधी बोलला नाही. ती दारातून त्याच्याकडे बघतच राहिली.

मी चावी त्याच्या उशाशी ठेवली. तो म्हणाला, "बरा झालो की येतोच दुपारच्या पाळीला."

म्हटलं, "दुपारची नाही रे. दोन्ही."

मग मी रडलो. घरी चालत आलो.